घोरणं थांबल्यावर

आबा, तुमच्या घशाबद्दल लिहायचं आहे. तुमचा स्वभाव, तुमचे कष्ट, तुमची आठवण वगैरे विषय मी इतर लेखकांना सोडून दिलेत, त्यांच्याकडे त्याचा मोठा साठा असतो. माझ्या वाट्याला तुमचा घसाच आलाय. गेल्या महिन्यात पुण्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझ्या नाकातून एक बारीक नळी आत सोडली, समोरच्या पडद्यावर मला माझाच घसा दाखवला आणि म्हणाले, जागा फारच अरुंद आहे, घरात कुणाला होता का असा त्रास. उंची, रंग, चारचाकी हाकायची अक्कल, यातलं काही तुम्ही मला दिलं नाही. दिलात तो हा बोळ.

गावात तुमच्या झोपेचं नाव होतं. निमगाव केतकीच्या बाजारात लोक सांगायचे, झोप असावी तर टेम्पोवाल्यासारखी. पडलं की लागली. विहारात ध्यानाला बसलं की सगळ्यांच्या आधी तुमचं ध्यान लागायचं, आणि ते लागल्याचं तीन घरं पलीकडेही कळायचं. पुढं बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. तुम्ही डोळे उघडून वर म्हणायचा, "मन एकाग्र झालं की शरीर असंच करतं." सकाळी उठल्यावर मात्र डोकं धरून ओट्यावर बसायचा. रातभर झोपलो तरी डोळं जड, म्हणायचा, आणि आईच्या चहाला नावं ठेवायचा.

आईला वेगळंच माहीत होतं. आपल्याकडं पुरुष बाहेर पडवीत झोपायचे, बाया-पोरी आत. आईचं अंथरूण उंबऱ्याला लागून असायचं. तुमच्या आवाजानं ती कधी उठली नाही. आवाज थांबला की उठायची. घर एकदम गप व्हायचं, ती हात लांब करून तुमच्या गोधडीचं टोक ओढायची, तुम्ही बुडता बुडता वर आल्यासारखा मोठा श्वास घ्यायचा, तिला एक शिवी द्यायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. हे रोज. लग्नात सात फेरे नव्हते आपल्यात, पण ही एक गोष्ट तिनं कुणी न सांगता अंगावर घेतली होती.

मग तुमचा टेम्पो उसात गेला. दूध संघाचा टेम्पो, सकाळची फेरी, कालव्याचं वळण. वळण डावीकडं होतं, तुम्ही सरळ गेलात. माणूस कुणी दगावलं नाही. कॅन लवंडले आणि दूध सरीतनं वाहत गेलं. सुपरवायझर मोटरसायकलवरून आला आणि त्यानं आधी तुमच्या तोंडाजवळ नाक आणलं. तुमच्या घशाची पहिली तपासणी त्या माणसानं केली, तीही फुकट.

"वास तर न्हाय," तो म्हणाला. "पन तुमच्यात दारू सुटत न्हाय म्हनत्यात."

"दीक्षा घेतली तवाच आमच्यात सुटली, चाळीस वर्सं झाली," तुम्ही म्हणालात. "तुमच्यात कवा सोडताय?"

हे तुम्ही बोललात याचा मला अजून अभिमान आहे. या पत्रातला अभिमान इथंच संपतो.

संघानं सांगितलं, डॉक्टरला दाखवून या, दारू नाही असं लिहून आणा, मग गाडी. म्हणून आपण बारामतीला गेलो. मी तिथंच कॉलेजात होते, वर्ग बुडवून दवाखान्यात आले. तुम्ही, तुमचे थोरले भाऊ म्हणजे तात्या, आणि आई. आईच्या हातात भाकरीची पिशवी. बाकावर बसायला जागा होती दोघांची. तुम्ही तात्यांना घेऊन आत गेलात आणि आईला म्हणालात, "तू बस हितं पिशवीपाशी." पिशवीत दोन भाकऱ्या आणि ठेचा. कुणी पळवून नेईल असं त्यात काही नव्हतं.

दाराला पडदाच होता, आणि आतल्या पंख्यानं तो सारखा उडत होता, त्यामुळे मला सगळं दिसलं आणि ऐकूही आलं. डॉक्टर तरुण, मुंबईला शिकून आलेला, कपाळावर गोल आरसा. छोट्या दांडीचा दुसरा आरसा त्यानं दिव्यावर धरून गरम केला, स्वतःच्या हातावर टेकवून पाहिला, तुमची जीभ कापडानं धरून बाहेर ओढली आणि तो आत घातला. "ई म्हणा." तुम्ही म्हणालात. आयुष्यात कुणी सांगितलेलं तुम्ही इतक्या मुकाट्यानं ऐकल्याचं मी तेव्हाच पाहिलं. मग त्यानं शिंप्याच्या टेपनं तुमची मान मोजली.

"घोरता?"

"सायेब, टेम्पोपेक्षा मोठा आवाज हाय," तात्या म्हणाले.

"झोपेत मधेच श्वास थांबतो का? गुदमरून उठता?"

"न्हाय," तुम्ही.

"ते तुमचं तुम्हाला कळणार नाही. शेजारी कोण झोपतं?"

"कोन न्हाय. मी भायेर, मंडळी आत."

"त्यांना विचारलं पाहिजे. आल्यात का?"

आई उठली होती, आबा. पिशवी बाकावर ठेवून, पदर नीट करून, पडद्याला हात लावून उभी होती. तुमच्यात आणि तिच्यात एक कापड होतं.

"न्हाय," तुम्ही म्हणालात. "घरीच हाय ती. आन तिला काय कळतंय? अडानी हाय."

"मला इचारा की," तात्या म्हणाले. "शेजारचंच घर माझं. झोप लय गाढ हाय गड्याची. लहानपनापास्नं."

आईनं पडद्यावरचा हात काढला. मी तिला म्हटलं, "जा की आत. सांग त्यांना, तू गोधडी ओढतेस ते."

"घरी हाय म्हनून सांगितलंय त्यांनी," ती हळूच म्हणाली. "आता कशी जाऊ?" आणि ती बाकावर जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन. आपल्या माणसांचं हे मला कधी कळलं नाही. नवऱ्याचा जीव गेला तरी चालेल, पण परक्या माणसापुढं त्याचा शब्द खोटा पडता कामा नये.

डॉक्टर माणूस सरळ होता. त्यानं समजावून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, तुमच्यासारख्या अरुंद घशात ते एकमेकांना चिकटतात, हवा बंद होते. मग मेंदू माणसाला जागं करतो, इतकं थोडं की त्याला आठवतही नाही. असं रात्रभर. झोपेचा नुसता चुरा होतो आणि हृदयावर ताण येतो. मुंबईला रात्रभर अंगाला तारा लावून श्वास किती वेळा थांबला ते पाहतात. तसं निघालंच तर नाकावर मुखवटा बांधून हवा आत ढकलणारं यंत्र असतं, महाग आहे पण आहे. "आणि तोवर गाडी चालवायची नाही," तो म्हणाला. "दिवसा झोप येते? गाडीवर डोळा लागतो?"

एवढ्या लांब बोलण्यातलं तुम्हाला ऐकू आलं ते गाडीचं.

"कवाच न्हाय," तुम्ही म्हणालात. उसातून टेम्पो ओढून काढून आठवडासुद्धा झाला नव्हता. "ह्ये घोरन्याचं तेवढं बगा. लोक हसत्यात."

"घोरण्याचं ऑपरेशन होतं. पडजीभ आणि टाळूचा मागचा पडदा थोडा कापून शिवायचा. पण श्वास थांबत असेल तर नुसता आवाज जाईल आणि रोग आत राहील. म्हणून पुन्हा विचारतो."

"थांबत न्हाय म्हन्लं की, सायेब."

त्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला. शिकलेला असला तरी त्याला आपली माणसं नवीन होती.

बाहेर आलात तेव्हा आई तुमच्या मागं अंतर ठेवून चालली, दवाखान्याच्या फाटकापर्यंत, एखादी अनोळखी बाई चालावी तशी. डॉक्टरनं खिडकीतून पाहिलं तर तुम्ही खोटे पडू नयेत म्हणून. तुम्ही वळूनही पाहिलं नाही. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी तात्या म्हणाले, "चला, सुटलो." तुम्ही हसलात.

ऑपरेशन झालं. तुम्ही काही दिवस पेजेवर होता, पाणी प्यालात की नाकातून यायचं, आणि तुमचा राग खुणांनी चालायचा. आई चमच्याचमच्यानं भरवायची. गाव बघायला यायचं. "घोरन्याचं आपरेशन? उद्या शिंकायचं बी काडतील," असं म्हणून चहा पिऊन जायचं. टाके विरघळले आणि खरंच, आवाज गेला. तुम्ही खूश. घशाचा दोष होता, तो काढला, असा कागद संघात दाखवून गाडी परत घेतलीत. लोक म्हणाले, बरं झालं, आता बाईमाणसाला झोप तरी लागंल.

ती झोपेना. सुट्टीत घरी आले की मी बघायची, ती अंधारात तुमच्या उशाशी बसलेली. "सगळंच गप झालंया," ती म्हणाली. "आता थांबलं कवा ते कळायचं कसं?" तिनं तुम्हाला एकदा विचारलं, मी आत झोपू का पडवीत झोपू. तुम्ही म्हणालात, "वय काय आपलं? लोक काय म्हन्तील?" मग हळूहळू तिलाही झोप लागायला लागली. माणूस आहे ती. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी तिनं तुमच्या उशाशी चहा ठेवला आणि तो तसाच राहिला.

घशानंच नेलं असं मी शपथेवर सांगणार नाही. गावच्या डॉक्टरनं हृदय म्हटलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. शोकसभेच्या भाषणात तात्या म्हणाले की असं झोपेतलं मरण भाग्यवंतालाच येतं. मी तेव्हा रडत होते म्हणून बचावले ते.

आता माझं ऐका. पुण्याच्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा आणि छातीला पट्टा देऊन घरी पाठवलं, एक रात्र लावून झोपा म्हणाले. इतकं सोपं झालंय सगळं. दुसऱ्या खेपेला त्यांनी तोच प्रश्न विचारला, रात्री जवळ कोण असतं? मी म्हटलं, आई. म्हणाले, बोलवा. आई आत आली. बसायच्या आधी तिनं माझ्याकडं पाहिलं, आता मी तिला बाहेर जा म्हणते की काय, असं. मग खुर्चीच्या कडेवर बसली आणि सुरू झाली. पोट हलतं पन हवा जात न्हाय. ओठ काळंनिळं पडत्यात. मग एकदम आचका येतो आन तोंड उघडतं. उतानं झोपल्यावर जास्ती. कुशीवर वळवलं की कमी. वळवायला लय जोर लागतो, गडी जड हाय.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. माझ्याकडं पाहिलं. "आजी, हे कुणाचं सांगताय?"

"हिच्या आबांचं," आई म्हणाली.

"त्यांना आणलं नाहीत?"

"आनलं व्हतं," ती म्हणाली. "मला आत यायचं जमलं न्हाय."

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, राग नाही येत तुला? ती म्हणाली, "मी बोलले असते तर गाडी गेली असती त्यांची. जलमभर माझ्यावर डूख धरून बसले असते."

"बसले असते ना पण," मी म्हटलं.

तिनं पदर नीट करून घेतला. मग म्हणाली, "व्हय. बसले असते."

मला तो माणूस चालला असता, आबा. गाडी गेलेला, नाकावर मुखवटा बांधून झोपणारा, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आणि बायकोला घालून पाडून बोलणारा. मी त्याच्यावर वर्षानुवर्षं लिहिलं असतं आणि त्यानं वाचून मला घरात घेतलं नसतं. तुम्ही आम्हाला दिलात तो भिंतीवरचा, ड्रायव्हरचा खाकी शर्ट घातलेला, कुणाशीही न भांडणारा फोटो.

हे खरं तर माझ्या सदरासाठी लिहायला घेतलं होतं. घोरण्यावर हलकंफुलकं काहीतरी, रविवारच्या पुरवणीत. पडद्याला हात लावून उभ्या असलेल्या आईपर्यंत आले आणि उठून संपादकांना फोन केला, या आठवड्यात लेख नाही, ताप आहे. ताप नाही.