ट्रम्पेटचं माउथपीस

बेसिंगस्टोक, ऑक्टोबर २००५, गुरुवार संध्याकाळ

आज सईच्या शाळेत बँडची वाद्यं मुलांना हाताळायला दिली. आम्हा पालकांनाही बोलावलं होतं. फ्लूट, क्लॅरिनेट, हवं ते फुंकून बघायचं. सई थेट ट्रम्पेटच्या रांगेत. महिनाभर तेच चाललंय तिचं. टीचर प्रत्येक मुलानंतर माउथपीस वाइपने पुसत होत्या. नीट पुसत होत्या, मी स्वतः पाहिलं. तरी सई ओठ लावणार तेवढ्यात माझ्या तोंडून गेलंच, "थांब गं, उष्टं आहे ते!" एवढ्या जोरात का ओरडले मी? सगळा हॉल वळून बघायला लागला.

टीचरनी हसून विचारलं, आई काय म्हणाली? सईने ट्रम्पेट खाली ठेवलं. "नथिंग, मिस. आय डोन्ट लाइक इट." मला सांभाळून घेतलं तिनं, नऊ वर्षांच्या पोरीनं.

पुसलं होतं की ते!

तिच्या ताटात उरलेलं रोज मीच खाते. आत्ताही जेवण झाल्यावर हात पुढे केला, तर तिने ताट उचललं आणि वरणभात सरळ बिनमध्ये टाकला. चिडून नाही, अगदी शांतपणे म्हणाली, "उष्टं आहे, आई."