साइमाला पेलेल असा दस्ता

९ ऑक्टोबर
साइमाने आज सकाळी भिंतीवरची बंदूक काढली. खांद्याला लावली. मी कॉफी ओतत होतो, पाठमोरा, पण खिडकीच्या काचेत सगळं दिसत होतं. जेमतेम चार श्वास. मग उजवा हात थरथरायला लागला आणि नळी खाली आली.
"बाबा, जड आहे रे ही. दस्ता बदलायला हवा. एखादा हलका बघशील?"
अपघातानंतर माझ्या लेकीने माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच!

१० ऑक्टोबर
खांद्यापासून नळीखालपर्यंत जाणारा तो लाकडी दस्ता सोडवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. तीन पौंडाला दोन औंस कमी. म्हणजे बंदुकीचं निम्मं वजन या एका लाकडाचं — आणि ते घातलं कुणी? मीच. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा अक्रोडाच्या लाकडातून कोरून दिला होता. साइमा डावरी. गाल टेकायची जागा मुद्दाम उलट्या बाजूला ठेवली होती. तेव्हा मला सगळं जाडजूड, घसघशीत करायची हौस. गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांतली कपाटं मी केलेली, तीही तशीच. दार लावलं की घर हलतं.
बंदूक मात्र बदलायची नाही. पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक. घोडा दाबला की पुढची गोळी आपोआप आत येते, दर वेळी खटका ओढायला नको. एक हात अधू असलेल्या माणसाला हीच बरी.
अधू. लिहिला बघ शब्द.

१३ ऑक्टोबर
लेम्पीच्या दुकानात गेलो. फेब्रुवारीतल्या अपघातानंतर पहिल्यांदाच. खिळ्यांपासून बंदुकांपर्यंत सगळं मिळतं तिच्याकडे. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, त्यामुळे जिभेला लगाम नाही.
"आर्विड! आहेस होय तू अजून? मला वाटलं, तुला आता त्या खिडकीतल्या खुर्चीसकटच पुरावं लागणार."
काळा प्लास्टिकचा दस्ता दाखवला तिने. हलका, नीटनेटका. मला पसंत पडला. द्यायला सांगितला, तर बाईंनी तो माझ्या कानाशी धरला आणि बोटाने टकटक केलं.
"रिकाम्या डब्यासारखा वाजतोय बघ. झुडपाची काडी घासली की ससा थेट कॅनडात!"
"तू विकायला बसलीस की गिऱ्हाईक पळवायला?"
"म्हाताऱ्या मित्राला फसवायचं नाही, म्हणून सांगते."
तसाच परत आलो.

१४ ऑक्टोबर
साइमाला कॅनडाचं सांगितलं. हसली! दात दिसतील एवढी.

१८ ऑक्टोबर
आज साइमाला घेऊन गेलो. गाडी तिने चालवली. मी आता शेजारी बसतो.
लेम्पीकडे कार्बन फायबरचा एकच नग आहे. काय वजन त्याचं — पौंडाच्या थोडं वर! वहाणेएवढं. किंमत वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. तरी म्हटलं, बांध.
"थंडीत गालाला चिकटेल," लेम्पी म्हणाली.
हे काही खरं नाही. कार्बन लोखंडासारखा गार पडत नाही, मलाही कळतं तेवढं. पण साइमाने बंदूक त्यात बसवून उचलली आणि लगेच खाली ठेवली.
"पुढून जड लागते, बाबा."
दस्ता हलका झाला आणि बंदूक जड झाली? दोघी बायका माझ्याकडे बघत उभ्या. मला उत्तर येईना.

१९ ऑक्टोबर
उत्तर आलं. खुर्चीच्या पाठीवर बंदूक आडवी ठेवून तोल बघत होतो. कार्बनचा दस्ता मागून पोकळ असतो. मागचं वजन गेलं की सगळा भार नळीकडे सरकतो — आणि नळीखाली असतो तिचा उजवा हात. दुखरा. मागे भार असलेला चालेल, तो तिच्या डाव्या, धडधाकट खांद्यावर येतो. पुढचा भाग तासून बारीक करायचा. म्हणजे नुसता हलका दस्ता शोधून भागणार नाही, हलका कुठे ते बघायला हवं. असा दस्ता कोण विकत बसलंय?
दुपारी निसू, आमचा गोड पाव, भाजला साइमाने. वेलदोड्याचा वास घरभर. दोन जाड तुकडे खाल्ले मी. कित्येक दिवसांनी चव लागली.

२२ ऑक्टोबर
लिहून टाकतो एकदाचं.
ती रस्त्यांवरचं बर्फ हटवणारी मोठी गाडी चालवायची. आमच्या भागातली एकटी बाई. त्या दिवशी तिला कामावर सोडायला निघालो होतो, कारण तिची गाडी दुरुस्तीला. घरातून निघताना म्हणाली, "बाबा, दे, मी चालवते. तू नीट झोपलेला नाहीस." मी म्हणालो, "चाळीस वर्षं मी या रस्त्यावर आहे. मला शिकवतेस?"
पुलाच्या अलीकडे काळं बर्फ, डांबरावर दिसतच नाही असं. गाडी फिरली आणि तिच्या बाजूने झाडावर आदळली. मला खरचटलंसुद्धा नाही. तिच्या खांद्यातल्या शिरा तुटल्या. बर्फाच्या गाडीचे दांडे उजव्या हाताने ओढायचे असतात, त्यामुळे आता ती ऑफिसात फोन घेते. दुसरे लोक बर्फ काढायला जातात आणि ही त्यांना रस्ते सांगते.
ती मला एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही. तिची आई असती तर दोघांना समोरासमोर बसवून बोलायला लावलं असतं. सहा वर्षं झाली तिला जाऊन.

२६ ऑक्टोबर
मागच्या शेडचं कुलूप गंजलं होतं. तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, तेव्हा उघडलं. भुशात उंदरांनी संसार मांडलेला. माळ्यावर बटरनटची एक फळी होती. अक्रोडाचंच भावंड हे, पण अंगाने किरकोळ. उचलली आणि म्हटलं — अरे!
साइमा दारात उभी.
"मऊ आहे ना हे?"
"नखाने ओरखडा उठतो. पण तुझी बंदूक धक्काच देत नाही. मोठ्या बंदुकीला नसतं चाललं."
स्टुलावर बसली. दुपारपर्यंत बसून होती. मी रंधा मारत होतो, ती ढलप्या गोळा करत होती.

३ नोव्हेंबर
बिघडवला. पुढचा भाग जास्तच तासला आणि पटाशी लागली तशी सरळ चीर गेली. आठ दिवसांचं काम. हात आता पूर्वीचे राहिले नाहीत. खिडकीपाशी जाऊन बसलो.

४ नोव्हेंबर
अजून खिडकीपाशीच.

५ नोव्हेंबर
साइमा कामावरून आली. कोट न काढता समोर उभी राहिली.
"फळी अर्धी उरलीय."
"बघू."
"बघू काय? बसून बसून त्या खुर्चीला तुझा आकार आलाय. तो आकार माझ्या दस्त्याला दे की!"
आईसारखीच बोलते. अगदी तिचाच आवाज. उठलो.

१५ नोव्हेंबर
हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. दुकानं बंद, गाव रिकामं, सगळे रानात. आम्ही दोघं शेडमध्ये, शेगडीवर पास्टी, मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, गरम करायला ठेवलेल्या.
या वेळी पुढचा भाग आधी जाड ठेवला आणि कानशीने थोडा थोडा उतरवत गेलो. प्रत्येक वेळी बंदुकीला लावून तिच्या हातात द्यायचा. "अजून," ती म्हणायची. पुन्हा कानस. "अजून थोडा." शेवटी डोळे मिटून बंदूक धरून राहिली. तिथे थांबलो.
मग जवसाचं तेल. म्हणाली, मी लावते. उजव्या हाताने. डॉक्टरांनी हात गोल गोल फिरवायचा व्यायाम सांगितलाय, तो करताना ती तोंड वाकडं करते आणि अर्ध्यात सोडते. आज तासभर तेल घासत होती — गोल गोल! मी कानशी पुसत बसलो. दोन कानशी मी चार-चारदा पुसल्या असतील.
वजन: एक पौंड, नऊ औंस.

२९ नोव्हेंबर
शनिवार. सौनाची वाफ घेऊन आल्यावर बंदूक बसवली. तोल बरोबर मॅगझिनच्या पुढे, दोन बोटांवर. गाल टेकायची जागा तिच्या बाजूला. साइमाने उचलली. मी मनात आकडे मोजत होतो. एकोणीसला तिने स्वतःहून खाली घेतली.
"छान दिसतंय," एवढंच म्हणाली. आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा.

६ डिसेंबर
आज गेलो. नारिंगी जाकिटं घालून, ओढ्याच्या पलीकडे, देवदारांत. या वर्षी बर्फ उशिरा. हिवाळ्यात रंग बदलणारे इथले ससे मात्र वेळेवर पांढरे झालेत — करड्या पाल्यात चुना सांडल्यासारखे दिसतात बिचारे.
मी मागे दहा पावलांवर. तिने बंदूक उचलली. हात स्थिर. पहिली गोळी चुकली, दुसरी आपसूक आली होतीच, ती लागली. ससा उचलून माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा! लिहिता येत नाही मला.
पडलेल्या ओंडक्यावर बसलो. थर्मासमधली कॉफी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं —
"साइमा, त्या दिवशी तू गाडी मागितली होतीस."
तिने कपातल्या कॉफीवर फुंकर घातली.
"हो. मागितली होती."
"मी द्यायला हवी होती."
"हो."
एवढं स्पष्ट. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. 'तुझी चूक नाही' म्हणेल. पण त्या 'हो'ने उलट मोकळं वाटलं. इतके महिने दोघांनी मिळून धरून ठेवलेलं काहीतरी खाली ठेवलं.
"राग आला होता ना?"
"खूप. मार्चपर्यंत तुझं तोंड बघवत नव्हतं. मग तू त्या खुर्चीत जाऊन बसलास. जेवेनास. खुर्चीतल्या माणसावर किती दिवस रागवायचं, बाबा? कंटाळा आला मला." कप झटकला, उठली. "चल. भूक लागलीय."
येताना बंदूक तिने स्वतः वाहिली. पूर्ण रस्ता.

१० डिसेंबर
सशाच्या रश्श्याचं भांडं लेम्पीला देऊन आलो. म्हटलं, तुझ्या दुकानातलं काही घेतलं नाही, राग नाही ना?
लेम्पीने झाकण उघडून वास घेतला. म्हणाली, "राग कसला! तुझ्या लेकीने तसलाच एक काळा प्लास्टिकचा दस्ता ऑक्टोबर लागला तेव्हाच नेला होता. पुढचं टोक तिनेच कापून बारीक केलं. उत्तम पेलत होता तिला. मग काढून जुनाच परत लावला. तो अजून तिच्या गाडीत, सीटखाली असेल बघ. आठवड्याने आली आणि म्हणाली, लेम्पीआत्या, आता बाबा येईल दस्ता शोधायला. काय वाटेल ते कर, पण त्याला काही विकू नकोस."