दसऱ्याच्या दिवशी पाहिलेलं कॉलेज

बाबा, आज घरात मी एकटीच आहे. तुमचे जावई बदलीवर चांद्याला असतात, शनिवारी येतात. आणि तुमची नात काल दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली, कॉलेजं पाहायला. तिची बारावी यंदा झाली. महिनाभर मी तिच्यासाठी तीन दिवसांचा बेत आखत होते. पहिल्या दिवशी कोणतं कॉलेज, तिथून वसतिगृह किती लांब, दुपारी जेवायचं कुठं, आणि मधल्या वेळात शनिवारवाडा नि पर्वती, कारण पोरीला नुसत्या फॉर्म-फीचा कंटाळा यायला नको. फुलस्केप कागद भरला होता. तिनं तो उभ्या उभ्या वाचला, हसली आणि म्हणाली, "आई, तू कशाला येतेस? मैत्रिणीचे बाबा येऊन राहिले ना सोबत. तू आलीस की गेटवरच्या माणसापासून सगळ्यांना विचारत बसतेस. मला कसंतरीच होते." मी म्हटलं, बरं. पोळ्या लाटल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, डबा बांधला, स्टेशनवर गेले. गाडी हलल्यावर तिनं हात केला, मैत्रिणीच्या बाबांनीही केला. घरी येऊन पाहिलं तर माझा कागद टेबलावर तसाच. त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर हे लिहिते आहे.

तुम्ही केलेला बेत मला आज दिवसभर आठवतो आहे. पुण्यात धरण फुटून पूर आला होता, त्या वर्षीची गोष्ट. आपण बौद्ध झालो त्याला पाच वर्षं होत होती. मी मॅट्रिकला होते. तुम्ही काटोलच्या फळबाजारात संत्र्यांच्या पेट्या भरत होता. तळाशी गवत, त्यावर संत्र्यांचे थर, वर पुन्हा गवत, मग फळी आणि खिळे. तुमची पेटी मुंबईपर्यंत गेली तरी आतलं फळ दबत नाही, असं बाजारातले व्यापारी म्हणायचे, आणि ते ऐकून तुम्ही घरी येऊन आईला सांगायचात, जणू काही तुम्हीच मुंबईला जाऊन आलात. त्या वर्षी मामा पारशिवनीकडचं एक स्थळ घेऊन आला. मुलगा बरा होता, घरचं चार एकर होतं. आईच्या मनात भरलं. तुम्ही मात्र मान हलवलीत आणि म्हणालात, पोरगी नागपूरले कालेजात जाईन.  तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता आई म्हणाली, "पोरगी द्याच्या आधी घर पाहातेत का नाही लोक? मंग मी कालेज पाह्यल्याबिगर पोरगी धाडत नाही. आन् घर पसंत नाही पडलं, तं पारशिवनीले होकार कळवाचा."

तिला वाटलं, एवढ्यानं तुम्ही गप्प बसाल. तुम्ही तिचा शब्द उचललात. "असं म्हणतं? चाला मंग, घर पाहाले जाऊ." हेडमास्तरांकडून तुम्ही तीन कॉलेजांची नावं आणली, पेटीवर चिकटवायच्या लेबलाच्या पाठीमागे ती लिहिलीत, आणि दीक्षाभूमीपासून पायी कोणतं आधी लागतं त्या क्रमानं त्यांना एक-दोन-तीन आकडे दिलेत. चौथा आकडा महाराजबागेला होता, कारण धाकटीला वाघ पाहायचा होता. दिवस कोणता हे ठरवायची गरजच नव्हती. आपण नागपूरला वर्षातून एकदाच जायचो, दसऱ्याला. संत्र्यांचा आंबिया बहार उतरायला लागलेला असायचा, त्या दिवसांत तुम्हाला बाजारातून दुसऱ्यांदा सुट्टी मिळणंही शक्य नव्हतं. दीक्षाभूमीवर जाणं होतंच, त्याच फेरीत कॉलेजं पाहून घेऊ, असा हिशेबाचा बेत. आणि रिकाम्या हातानं कोणी घर पाहायला जात नाही म्हणून तुम्ही निवडून निवडून पिशवीभर संत्री घेतलीत, सालीवर अजून हिरवी झाक असलेली, पण गोड.

दसऱ्याला कॉलेजं बंद असतात, हे आपल्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मॅट्रिकला असलेली, वर्गात पहिली येणारी मी, माझ्याही नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी जे बोलले ते बोलायचा मला काडीचा अधिकार नव्हता.

सकाळी दीक्षाभूमीवर आपण वंदना म्हटली. किती माणसं होती. मैदानभर तीन-तीन दगडांच्या चुली, त्यांचा धूर, पांढरी लुगडी, पांढरे सदरे. आपली शिदोरी सोडून आईनं चार घास शेजारच्या अनोळखी बाईच्या पोराला भरवले आणि त्या बाईनं आपल्या धाकटीला. मग तुम्ही पिशवी उचललीत आणि पुढं झालात. पहिल्या कॉलेजच्या फाटकाला कुलूप होतं. तुम्ही म्हणालात, मागच्या बाजूनं दार असेल. मागच्या बाजूलाही कुलूप होतं. दुसरं कॉलेज सिव्हिल लाइन्सकडं, ऊन चढलेलं, धाकटी तुमच्या खांद्यावर झोपलेली. तिथंही कुलूप. आईच्या चालण्यातून मला पारशिवनी दिसायला लागली होती. तिसरं मुलींचं कॉलेज होतं. त्याच्या फाटकाआड स्टुलावर चौकीदार बसला होता, डोक्याला तेल लावून भांग पाडत. तुम्ही हात जोडून विचारलंत, तेव्हा त्यानं कंगवा खाली केला. "आज तो दसहरा है भाई. आज कालेज कौन आता है?"

मी तिथंच, त्याच्यासमोर, आईसमोर, तुमच्यावर तोंड टाकलं. "बाबा, एवढंही कळत नाही का तुमाले? दसऱ्याले कालेज बंद राह्यते. काहून फिरवून राह्यले आमाले उन्हातान्हात?" तुम्ही चिडला नाहीत. चिडला असता तर बरं झालं असतं. पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत आणि म्हणालात, "मले वाटलं, आज तं आपला दिवस आहे. आज समदं उघडं राहीन."

खरंच तुम्हाला तसं वाटलं होतं. तुम्ही नागपूर पाहिलं होतं ते फक्त त्याच दिवशीचं. त्या दिवशी कोणीही कोणालाही पाणी देतं, कोणाच्याही सतरंजीवर बसता येतं, कोणी तू कोण म्हणून विचारत नाही. त्या शहराला इतर दिवशी फाटकं असतात, हे तुम्हाला कोण सांगणार होतं? आता मी इथं, नागपुरातच, वीस वर्षं राहते आहे, मला सगळी फाटकं पाठ आहेत.

चौकीदाराला काय वाटलं कोण जाणे, त्यानं स्टूल गजांजवळ ओढलं आणि तुम्हाला बाहेरच्या कट्ट्यावर बसायला खूण केली. कुलूप उघडायची त्याला सोय नव्हती. मग फाटकाच्या गजांतून तुमची बोलणी सुरू झाली. उन्हाळ्यात पाणी पुरतं का? राहत्या मुली किती? मुख्य बाई तापट आहेत का? तो वरपक्षाच्या वडीलधाऱ्यासारखा गंभीर होऊन एकेक उत्तर देत होता. "पानी की कमी नहीं. दीवार ऊँची है. बडी बाई गुस्सेवाली हैं, मगर दिल की अच्छी हैं." तुम्ही समाधानानं मान डोलावत होता. आई मात्र दोन गज धरून आत पाहत होती, बराच वेळ. मी जमिनीकडं पाहत होते. माझं सगळं आयुष्य त्या दोन गजांच्या मधल्या फटीत अडकलं होतं आणि मला आईकडं वळून पाहायचीही हिंमत होत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "नळ आहे आंगनात. आन् सुट्टीच्या दिवशीबी पायरी झाडलेली आहे. घर बरं आहे, चाला." संत्र्यांची पिशवी तुम्ही गजांतून एकेक फळ देत रिकामी केलीत. वाघ पाहायचा राहिला. आपण स्टेशनवर पोचलो तेव्हा धाकटी रडत होती आणि तुम्ही एकटेच हसत होता.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी तिथं दाखल झाले, वसतिगृहात राहू लागले. त्या कॉलेजात माझ्याबरोबर महाल, धंतोली असल्या वस्त्यांतल्या मुली होत्या, वकिलांच्या, हेडक्लार्कांच्या. कोणी वाईट नव्हत्या. पण माझ्या तोंडून 'मले' निघालं की त्या एकमेकींकडं पाहायच्या, म्हणून मी महिनाभरात 'मला' शिकले. वडील काय करतात विचारलं की सांगायची, संत्र्यांचा व्यापार. आणि मग जुलैत एका दुपारी तुम्ही आलात. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर दुपट्टा, कमरेला पेट्या ठोकायची हातोडी तशीच खोचलेली. फाटकाशी उभे राहून मोठ्यानं सांगत होता, "माही पोरगी अठी शिकते." व्हरांड्यात मुली उभ्या होत्या. तुम्ही आत येऊन दोन वाक्यं जरी बोलला असतात, तरी मी कुठली, कोणाची, हे सगळं त्यांना कळलं असतं. मी जवळजवळ पळतच फाटकापर्यंत आले आणि म्हटलं, "बाबा, इथं आत येऊ देत नाहीत. बापालासुद्धा नाही. नियम आहे."

तसा नियम नव्हता, बाबा. तो मी फाटकापर्यंत पळता पळता केला.

तुम्ही पाऊल मागं घेतलंत. "कायदा आहे?" मी हो म्हटलं. तुमचा चेहरा उजळला. "असाच पायजे," म्हणालात, "पोरीच्या जागी असंच कडक पायजे." काटोलला जाऊन तुम्ही ते अख्ख्या बाजारात सांगितलंत. माझ्या पोरीच्या कालेजात सख्ख्या बापालेही आत सोडत नाही, म्हणून. आईला रात्रीची झोप लागायला लागली ती म्हणे त्या कायद्यामुळं. मी दिवाळीला घरी आले की शेजारच्या बाया मला त्याबद्दल विचारायच्या आणि मी होय, फार कडक आहे, असं सांगायची. एकदा खोटं बोललं की त्याला जेवूखाऊ घालावं लागतं.

मग दर महिन्याला तुम्ही यायचात, कधी लाह्या, कधी शेंगा, हंगामात संत्री. मी तासिकेत असले तर चौकीदाराजवळ बसायचात. तुमची दोस्ती झाली होती. तो स्टूल तुम्हाला द्यायचा आणि स्वतः उकिडवा बसायचा. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सगळ्यांचे वडील मांडवात खुर्च्यांवर बसले होते. मला निबंधाचं बक्षीस होतं. मी तुम्हाला तारीखच कळवली नाही. बक्षीस घेताना टाळ्या वाजल्या, मी खाली उतरले आणि पाणी प्यायचं निमित्त करून नळापाशी जाऊन उभी राहिले. इतकी एकटी मी त्याआधी कधी झाले नव्हते. त्यानंतर बऱ्याचदा झाले.

बी.ए.चा निकाल लागायच्या आधी, मे महिन्यात, तुम्ही गेलात. बाजारात ऊन लागलं आणि दोन दिवसांत खेळ आटोपला. चार वर्षांत तुम्ही त्या कॉलेजचं काहीही पाहिलं नाही. ना वर्ग, ना वाचनालय, ना माझी बसायची जागा. दसऱ्याला गजांतून जे दिसलं तेवढंच.

चौकीदारानं मला एक दिवस थांबवलं होतं. म्हणाला, "बिटिया, मैंने तो तुम्हारे बाबूजी से पहलेच साल कहा था, अंदर चलिए, यहाँ सबके पिताजी जाते हैं. बोले, नहीं भैया, मेरी बेटी का कायदा है." तेव्हा मला कळलं, की तुम्ही सगळं जाणून होता. बाजारात ती फुशारकी मारत राहिलात, तेव्हाही जाणून होता. मी केलेला खोटा नियम तुम्ही माझ्यासाठी खरा करून पाळला.

ही गोष्ट मी तुमच्या जावयांना सांगितली आहे. पोरीलाही सांगितली, ती लहान असताना. सांगताना माझे डोळे भरतात आणि ते दोघं माझी समजूत काढतात, की जाऊ दे, तुला तेव्हा ठाऊक नव्हतं, कळलं तोवर ते गेले होते. मी त्यांना तसंच सांगत आले आहे. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, तेव्हा इथं तरी खरं लिहिते. चौकीदार बोलला तो शेवटच्या वर्षी, संक्रांतीच्या आठवड्यात. तेव्हा तुम्ही हयात होतात. त्याआधी मला तुमची लाज वाटत होती, त्यानंतर माझी वाटायला लागली, आणि तुम्हाला आत न्यायचं म्हणजे मला कळलं आहे हे कबूल करायचं, म्हणून मी गप्प बसले. त्यानंतर तुम्ही तीनदा आलात, बाबा. तिन्ही वेळा मी फाटकाशीच येऊन पिशवी घेतली.