माझे कान ठणठणीत आहेत

४ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोज लिहायचं ठरवलं. डोकं हलकं राहतं म्हणे.
मुलीचा फोन आला होता. तिच्याकडे रेंज नसते, त्यात ती तोंडातल्या तोंडात बोलते. शेवटी हिने फोन घेतला. मग माझ्या तोंडासमोर येऊन, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं, ती कान तपासून घ्या म्हणतेय.
तीस वर्षं गॅरेज चालवतोय. बॉनेटपाशी उभं राहून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस मी. माझे कान तपासणार कोण?
खरा प्रॉब्लेम हिचा आहे. सगळी नोकरी लायब्ररीत गेली. कुजबुजायची सवय लागली, ती रिटायर होऊनही सुटेना. तसं स्पष्ट बोलून दाखवलं. ही काही म्हणाली नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

७ नोव्हेंबर
दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले. इंजिन खडखडतंय म्हणाले. मी कान लावला. लोण्यासारखं चालत होतं. तसं सांगितलं तर माझ्याकडे बघतच राहिले. संध्याकाळी त्यांची गाडी समोरच्या गॅरेजात दिसली.
लोकांना हल्ली धीर उरलेला नाही.

९ नोव्हेंबर
एक पद्धत शोधून काढली आहे. ही बोलताना शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही, भुवयांकडे द्यायचं. भुवया वर गेल्या तर प्रश्न आहे. उत्तर: हो, चालेल. भुवया खाली असतील तर तक्रार आहे. उत्तर: बघू. भुवया जागच्या जागी असतील तर नुसती बातमी. उत्तर: अस्सं.
दिवसभर वापरली. एकदाही अडलं नाही. हे आधीच सुचायला हवं होतं.

१२ नोव्हेंबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
भांडी आवरताना हिने काहीतरी विचारलं. भुवया वर. मी हो, चालेल म्हणालो. या आठवड्यात बहुतेक तोच प्रश्न तिसऱ्यांदा. पडद्यांचं असणार, दोन महिने तेच चाललंय.
ही हातातली ताटली पुसत तशीच उभी राहिली. कोरडी झाली तरी पुसत होती. जेवलीही नव्हती नीट. पडदे बदलायला हो म्हटलं तरी माणूस खूश नाही, आता काय करायचं?

१५ नोव्हेंबर
मोठा निर्णय. २१ तारखेला लग्नाला एकोणतीस वर्षं होतात. तळ्याकाठच्या हॉटेलात एका रात्रीसाठी खोली बुक केली. दोष माझ्या कानांचा नाहीच, आमच्या रस्त्याचा आहे. ट्रक, हॉर्न, शेजाऱ्यांचं ड्रिलिंग. तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आहे, असं जाहिरातीतच लिहिलंय. तिथे हिचा शब्द न् शब्द ऐकू आला की मुलीचं तोंड आपोआप बंद.
खरं सांगायचं तर दुसरंही कारण आहे. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार? वर्षभरात आम्ही दोघं धड बोललेलो नाही. ही हसताना दिसते, पण ते हसणं कानावर पडून किती दिवस झाले ते आठवत नाही. मला तिच्याशी बोलायचंय. पहिल्यासारखं, उगाचच.

२१ नोव्हेंबर, दुपारी साडेचार
पोचलो. खोली झकास. शांतता तर इतकी की काही विचारू नका.
ही तळं बघायला खाली गेली. मी कडी लावून टीव्ही बघत बसलो. चाळीस मिनिटांनी दार बाहेरून हलायला लागलं. उघडलं तर हॉटेलचा मॅनेजर, शेजारच्या खोलीतले आजोबा आणि ही. सगळे किती वेळ दार ठोठावत होते म्हणे. आजोबांचं म्हणणं, टीव्ही त्यांच्या खोलीत शब्दशः ऐकू येतोय. मी मॅनेजरला म्हणालो, दारं दणकट लावलीत पण भिंती कुचकामी.
ही पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून राहिली. दमली असेल. आज निवांत बोलणार आहे तिच्याशी.

२१ नोव्हेंबर, रात्री नऊ
खाली जेवायला गेलो. वेटर मुलखाचा घाईचा. त्याच्याशीही तीच पद्धत वापरली. तीन प्रकारची सुपं आली. तिन्ही मागवायची होती असं सांगून तिन्ही प्यालो.
मग ही बोलायला लागली. टेबलक्लॉथकडे बघत, मान खाली. भुवया दिसेनात. काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून मी तिचा हात हातात घेतला. तिने घेऊ दिला. थोड्या वेळाने तिने तो सोडवून घेतला आणि पर्समधून पेन काढलं.
मेनूच्या मागे लिहिलं. इथे उतरवून ठेवतो:
‘मी ताईकडे कायमची राहायला जाऊ का, असं तुम्हाला तीन वेळा विचारलं. इथे माझ्याशी बोलायला कुणी नाही म्हणून. तुम्ही तिन्ही वेळा हो, चालेल म्हणालात. ऐकू आलं नसेल तर आत्ता सांगा. मग मी विचारलंच नव्हतं असं समजेन.’
तिची ताई. गेल्या वर्षी तिचे यजमान गेले, आता एकटीच असते.
ही पेन माझ्यापुढे धरून बसली होती. डोळ्यांत पाणी होतं. एवढंच लिहायचं होतं, ऐकू आलं नाही. तीन शब्द. आजूबाजूला चार टेबलं भरलेली. शेजारचे आजोबा बघत होते.
मी सांगितलं, मी शब्द न् शब्द ऐकला होता. विचार करूनच चालेल म्हणालो. ताईंनाही सोबत होईल.
जरा मोठ्याने बोललो असणार, कारण चारही टेबलांनी माना वळवल्या. हिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.
असो. चारचौघांत शोभा व्हायची वाचली.

२२ नोव्हेंबर
घरी आलो. ही जाणार नाही. रागाच्या भरात माणूस काहीही लिहितो. एकोणतीस वर्षं झाली, थट्टा आहे का.
आज रात्री खरं काय ते सांगून टाकणार.

२३ नोव्हेंबर
काल डोकं दुखत होतं. आज नक्की.

२६ नोव्हेंबर
दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं. थोड्या दिवसांसाठी एवढं लागतंच. दोऱ्या मीच आवळल्या, बसवर सामानही मीच चढवलं. सगळं व्यवस्थित पार पडलं.
खिडकीतून हिने वाकून काहीतरी विचारलं. सवयीने माझ्या तोंडून हो, चालेल निघून गेलं. ही थोडा वेळ बघत राहिली, मग मागे टेकून बसली. काय विचारलं कोण जाणे. बसचं इंजिन चालू होतं, त्यात ऐकू येणं शक्यच नव्हतं. चालू असणारच. लगेच निघाली की बस.

३ डिसेंबर
ही रोज संध्याकाळी फोन करते. ती बोलते, मी अस्सं म्हणतो. काल मी अस्सं म्हणालो तेव्हा स्क्रीनवर बघितलं तर फोन कधीच कट झाला होता. आज आला नाही.
घर फार मोठं वाटतं. हे मात्र खरं आहे, यात काही वाढवून लिहिलेलं नाही.

११ डिसेंबर
मुलीची कटकट थांबावी एवढ्यासाठी कान तपासायला गेलो. एकटाच. तपासणाऱ्या बाईंनी हेडफोन लावून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी ठरावीक वेळाने दाबत राहिलो. थोड्या वेळाने बाई काचेपलीकडून आत आल्या. मशीन बंद करून पाच मिनिटं झाली होती.
मग त्यांनी दोन्ही कानांत यंत्रं बसवली. माझ्या शर्टाची बाही घासल्याचा आवाज आला. कागद उलटल्याचा. रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, तीसुद्धा.
बाई म्हणाल्या, आता यंत्रांचा आवाज ओळखीच्या माणसाच्या बोलण्यावर जुळवून घेऊ. ज्यांचं बोलणं तुम्हाला रोज ऐकायचंय त्यांना घेऊन या, समोर बसवते. घरी कोण असतं?
स्पष्ट ऐकू आलं. तरी मी त्यांना पुन्हा विचारायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच ऐकू आलं.
मी म्हणालो, कुणी नसतं. बायको होती. तिने जाऊ का विचारलं तेव्हा मला ऐकू आलं नव्हतं.
बाईंनी मान हलवली. कुणाच्याही आवाजावर चालेल म्हणाल्या, आणि स्वतःच एक ते दहा आकडे म्हणायला लागल्या.