कॅमेरा हात खातो

३ मार्च, रविवार

आज पुन्हा तेच! धाकटी पडद्यावर आली, हसली, बोलायला लागली — आणि हात गायब. चेहरा आहे, गळा आहे, पुढे काही नाही. मध्येच एखादं बोट उंदरासारखं डोकावतं आणि पळतं. तासभर मी नुसती मान डोलावत बसले.

ह्यांना बोलावून दाखवलं. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बघितलं आणि म्हणाले, "नीट तर दिसतंय." ह्यांना घरात बिघडलेलं काही दिसतच नाही. गळका नळही ह्यांच्या मते नीटच असतो. वर सल्ला — "चित्राचा त्रास होत असेल तर चित्र बंद कर, नुसता आवाज ठेव." मला वाटलं ओठ वाचण्यात माझीच चूक झाली, म्हणून परत म्हणायला लावलं. परत तेच! दोन जन्मबहिऱ्या बहिणींनी आवाजाचं काय लोणचं घालायचं? मग ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कान पकडले आणि मुकाट्याने चहा टाकायला गेले.

४ मार्च, सोमवार

व्हिडिओ कॉलवाल्यांच्या मदत केंद्राला लिहिलं. सविस्तर. चित्राच्या कडेला काळं येतं, बहिणीचे हात दिसत नाहीत, आम्ही हातांनीच बोलतो, काय करू.

उत्तर आलं — आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया खालील नंबरवर फोन करा.

मी लिहिलं — मी बहिरी आहे.

उत्तर — धन्यवाद. फोन करताना शांत जागी बसावे.

शांत जागी! माझ्या डोक्याइतकी शांत जागा कुठे सापडणार आहे यांना?

६ मार्च, बुधवार

कॉम्प्युटरवाला येऊन गेला. टकाटक बटणं दाबली, कॅमेऱ्याची परवानगी चालू आहे का बघितलं, काहीतरी नवं उतरवून घेतलं, शेवटी बंद करून परत चालू केलं. एवढं तर मलाही येतं. मग माझाच चेहरा पडद्यावर आणला आणि अंगठा दाखवून म्हणतो, "बघा वहिनी, एक नंबर." अरे बाबा, माझा कॅमेरा चांगला आहे हे मला ठाऊक आहे. मला मी कुठे बघायचीय? बिघाड पलीकडे आहे, धाकटीच्या कॅमेऱ्यात.

जाताना फोनवर लिहून दाखवलं — "एकदा डोळे तपासून घ्या."

डोळे! रफू करून पोट भरते मी. लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून कसरीने खाल्लेलं कोटाचं भोक असं बुजवते की गिऱ्हाईक नंतर भोक कुठे होतं ते शोधत बसतं. तेही बिनचष्म्याने. त्याच्यासमोरच डब्यातली सगळ्यात बारीक सुई काढली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवून दाखवला. पिशवी उचलली आणि निघाला. नाचता येईना अंगण वाकडं — दुसरं काय!

८ मार्च, शुक्रवार

लाँड्रीच्या मालकीणबाईंनी जिन्यात कमी उजेडाचा बल्ब लावलाय. संध्याकाळी उतरताना शेवटची पायरी चुकली, गुडघा फुटला. त्यांना सांगितलं तर म्हणतात, बल्ब दोन वर्षांपासून तोच आहे. चिकटपणा तरी किती करावा माणसाने.

१० मार्च, रविवार

धाकटीला आज फैलावर घेतलं. काय काय करायचं ते आधीच लिहून पाठवलं होतं. कॅमेऱ्याची काच मऊ फडक्याने पूस. दिवा पाठीमागे नको, तोंडासमोर ठेव. वायर काढून दुसऱ्या खाचेत लाव. आणि मागची खोली धूसर करायची ती सोय बंद कर — ती म्हणे हलणारे हात पण खोलीतलं सामान समजून पुसून टाकते. असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं मी. काय ही अक्कल! माणसाचे हात म्हणजे सामान?

तिने सगळं केलं, एका शब्दाने उलट बोलली नाही. मग लिहिलं, "ताई, माझ्याकडच्या छोट्या चौकटीत माझे हात दिसतात मला." दिसत असतील! तिकडून निघताना असतात, इकडे पोचताना नसतात. मधल्यामध्ये कुणीतरी गिळतंय.

शेवटी तिला मागे सरकवली, पार भिंतीला टेकवली. आणि हात आले! पण ती एवढीशी झाली, काडेपेटीवरच्या चित्राएवढी. तोंडावर काय आहे ते कळेना. परत पुढे बोलावली तर परत हात गेले.

शाळेने निदान उघड तरी मारलं होतं. आम्हाला ओठ वाचायलाच शिकवायचे तिथे, हाताने खूण केली की हातावर पट्टी. म्हणून आमची भाषा आम्ही घरी केली, ओट्याखाली बसून. हनुवटीला बोट लावलं की आई — तिला तिथे तीळ होता. कान पिळला की बाबा. दोन्ही हात पंखांसारखे पसरले की आनंदाची बातमी. आई-बाबा गेले. आता ती भाषा येणारी जगात दोनच माणसं उरली. ह्यांना येतात त्यातले तीनच शब्द — चहा, जेवण आणि 'चुकलो'. आणि आता आम्हा दोघींच्या मध्ये हा बोटभर कॅमेरा पट्टी घेऊन बसलाय.

१३ मार्च, बुधवार

स्वयंपाकघराच्या दारात ह्यांनी स्टूल ठेवलं. नडगी सोलली. येण्या-जाण्याच्या वाटेत स्टूल ठेवतं का कुणी? म्हणे, रोज तिथेच असतं.

१७ मार्च, रविवार

धाकटी आज आलीच नाही. वाट बघून बघून मीच लिहिलं, काय झालं गं?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. तसंच्या तसं उतरवते. "बहिऱ्या मुलांच्या शाळेत मला शिकवायला घेतलंय. खुणांनीच शिकवायचं. गेल्या रविवारी सगळ्यांत आधी तुला सांगितलं. दोन्ही हात पसरून सांगितलं, दोनदा. तू मान डोलावलीस आणि विचारलंस, भाजी कोणती केलीस. मला वाटलं तुला आवडलं नाही. नसेल आवडलं तर तसं सांग, ताई. पण अशी मान नको डोलावूस."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. ज्या हातांवर पट्ट्या खाल्ल्या त्याच हातांनी ती शिकवणार! माझ्या आयुष्यात याहून मोठी बातमी आलेली नाही. आणि मी भाजी विचारली.

तिला लिहिलं, मला दिसलंच नाही, आईची शपथ. तिने लिहिलं, बरं. हे 'बरं' मी ओळखते. लहानपणी तिची बाहुली मी मोडली तेव्हाही ती 'बरं'च म्हणाली होती, आणि चार दिवस माझ्याकडे बघितलं नव्हतं.

त्या कॅमेऱ्यावर वरवंटा घालावासा वाटतो.

१९ मार्च, मंगळवार

आता बास. ती मागे बसली की हात येतात पण लहान दिसतात, होय ना? मग इलाज सरळ आहे — पडदाच मोठा आणायचा. रफूचे साठवलेले पैसे काढले आणि दुकानातला मोठ्यांतला मोठा पडदा आणला. तो टेबलावर ठेवला तर भिंत दिसेनाशी झाली. ह्यांनी विचारलं, थिएटर काढायचंय का. विचारू देत.

२४ मार्च, रविवार

लुबाडलं! भर बाजारात लुबाडलं!

धाकटी आली, अजून जराशी फुगलेलीच. मी म्हटलं, बस नेहमीच्या जागी, आज तुझा शब्दन् शब्द बघणार आहे. आणि काय दिसलं? नाक! नाक, दोन डोळे, संपलं. छोट्या पडद्यावर निदान खांदे तरी होते. पडदा चौपट झाला आणि बहीण पाव झाली. खुर्ची मागे घेतली, अजून मागे घेतली, शेवटी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले तेव्हा कुठे हात दिसले. तेही परत काडेपेटीएवढे. मग पैसे कशाचे मोजले मी?

ह्यांना टेबलापाशी उभं केलं. म्हणाले, "हात दिसतायत. बांगड्या पण दिसतायत." मी म्हटलं, तुम्हाला माझ्याशी भांडायचंच असेल तर तसं सांगा. धाकटी पलीकडून बघत होती. तिने विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, दुकानदार चोर आहे.

२६ मार्च, मंगळवार

पडदा परत द्यायला गेलो दोघं. बोलायला हे, भांडायला मी.

दुकानदाराने पडदा लावून बघितला, रंगांच्या पट्ट्या आणल्या, चौकोन आणले, ह्यांना काहीबाही विचारलं. पडदा चांगला आहे म्हणे. असणारच, त्याच्या दुकानातला ना! मी कागदावर लिहून दिलं — जेवढा मोठा पडदा तेवढं कमी दिसतं, याला चांगला म्हणतात का?

ते वाचून तो थांबला. मग लिहिलं, "मॅडम, पावती द्या म्हणून मी मघापासून हात पुढे केलाय." मी बघितलं. खरंच होता हात, काउंटरवर, माझ्या कोपराजवळ.

मग त्याने नाटक सुरू केलं. माझ्या नाकाकडे बघत राहा, म्हणे, आणि पेन दिसलं की मान हलवा. पेन कुठे आहे ते दिसेना. बऱ्याच वेळाने त्याच्या कानाजवळ एकदम उगवलं. दोन्ही बाजूंनी तसंच. मग ह्यांना माझ्या जागी उभं केलं. ह्यांनी लगेच मान हलवली. पेन अजून त्याच्या लांब पसरलेल्या हातातच होतं, पार शोकेसपाशी.

ह्यांचा चेहरा पडला. मला राग आला. पडदा बदलून द्यायचा सोडून हे पेनाचे खेळ कसले? पडदा मात्र त्याने परत घेतला, कुरकुर न करता. तेही मला आवडलं नाही.

२९ मार्च, शुक्रवार

ह्यांनी ऐकलंच नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा, आता बोला म्हणून. मग एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवायला लावली. हातात बटण. उजेडाचा ठिपका दिसला की दाबायचं. मी बटण धरून बसले. मधेमधे दोन-चार ठिपके आले, मग काहीच नाही. बसले, बसले, कंटाळले. शेवटी बाहेर येऊन तिथल्या बाईंना लिहून दिलं — तुमचं मशीन बिघडलंय, ठिपके येत नाहीत.

त्या बाई चांगल्या होत्या. वाद घातला नाही. ह्यांना बसवलं. मी शेजारी उभी राहून ह्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. दाबला. दाबला. परत दाबला. अंगठा थांबेचना.

डॉक्टरांनी एका कागदावर गोल काढला. सगळा काळा केला, मध्ये थोडं पांढरं सोडलं. खाली लिहिलं — मधली नजर उत्तम आहे, म्हणून सुईत दोरा जातो. कडेची गेली आहे. हळूहळू गोल अजून लहान होईल. कान आणि डोळे, दोन्हींचं मूळ एकच आहे, जन्मापासूनचं. थांबवता येत नाही. किती वर्षांत ते सांगता येत नाही. आणि मग, घरात अजून कुणी जन्मतः बहिरं आहे का?

मी लिहिलं, धाकटी बहीण. तिचे डोळे चांगले आहेत.

त्यांनी लिहिलं, तिलाही तपासून घ्यायला सांगा.

घरी आल्यावर हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले, अगदी मधोमध, मला दिसेल असे, आणि 'चुकलो' म्हणाले. ह्यांचं काय चुकलं? बिचाऱ्यांना दुसरा शब्द येत नाही. मी ह्यांच्यावर ओरडले, कॉम्प्युटरवाल्यावर चिडले, मालकीणबाईंच्या बल्बला नावं ठेवली, एका भल्या माणसाला चोर म्हटलं. अजूनही माझा राग गेलेला नाही. नुसती धुसफुसतेय. आता कुणावर काढू तो? भीती वाटतेय. कान नव्हते तर हात होते. हात दिसेनासे झाले की मी धाकटीशी कशी बोलणार?

रविवारी तिला सांगायचं. आधी माझं, मग हळूच तपासणीचं. घाबरवायचं नाही.

३१ मार्च, रविवार

खुर्ची मागे घेतली, ट्यूब लावली, दिवाही लावला, आणि बसले. धाकटी आली. रुसवा गेला होता. मी हात उचलायच्या आत तीच म्हणाली, "ताई, माझ्या कॅमेऱ्याला इतकी नावं ठेवलीस, आता तुझाच बिघडला बघ. संध्याकाळी तू अंधारी दिसतेस. कडेला काळं येतं."