केचपचं माहेर

बुधवार, चार तारीख

चिरंजीव दादूस,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल. गुडघे कुरकुरतात, पण अजून सोडून गेलेले नाहीत. सूनबाईची पाठ कशी आहे? तिला म्हणावं, वाकून फरशी पुसू नकोस, नवऱ्याला लाव.

दोन गल्ल्यांवर राहून आई पत्र काय पाठवते, म्हणशील. समोर बोलले की तू वर्तमानपत्र तोंडाशी धरतोस. आता हे धर.

लिहून घेतेय तुझीच लेक. कागद साठवते म्हणून मी तिला खार म्हणते. मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, अशी शपथ घातली आहे.

तिच्या शब्दकोशाचं काम संपत आलं. चिनी आणि कोरियन भाषांतून इंग्रजीत गेलेले शब्द. घरभर चिठ्ठ्या, परवा साखरेच्या डब्यात 'तायक्वांदो' सापडला. संध्याकाळी मला वाचून दाखवते. केचप म्हणे मूळचं चीनच्या किनाऱ्यावरचं, मुरवलेल्या माशांचा रस. टोमॅटोचा पत्ताच नव्हता. सासरी जाऊन रंग बदलला, चव बदलली, नाव मात्र माहेरचंच राहिलं. आम्हा बायकांना जमलं नाही ते केचपला जमलं.

'काउटाव' म्हणजे वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावणं. हा शब्द खास तुझ्यासाठी. सात महिने लेकीकडून तू हेच मागतोयस.

आणि हे शब्द नेले कुणी? खलाशांनी, व्यापाऱ्यांनी. त्यातल्या कितीकांना अक्षर येत नसेल. ऐकून मला फार बरं वाटलं.

पण कोशवाल्यांचा एक नियम आहे. शब्द कितीही वर्षं लोकांच्या तोंडी असो, लिहिलेला सापडला तेव्हापासूनच तो मोजतात. म्हणून पुढचं लिहूनच देते.

तिचा बँकेच्या नोकरीचा राजीनामा मी पोस्टात टाकला. तू तिला म्हणालास, "स्वतःत हिंमत नाही म्हणून अडाणी आजीच्या हातून पाठवलास." तिने तो आरोप अंगावर घेतला, चार दिवसांत घर सोडलं, आणि तिच्यामागे मीही पिशवी उचलली. विचारलंत तेव्हा मी म्हटलं होतं, मला वाटलं विम्याचे कागद असतील. सगळ्यांनी मानलं. निरक्षर असण्याचा जन्मात तेवढा एकच फायदा झाला.

दादू, मला ठाऊक होतं. पंधरा दिवस ती तो लिफाफा दारापर्यंत न्यायची आणि परत टेबलावर ठेवायची. विम्याच्या कागदांपायी कुणी रडत नाही. तिने मला पाठवलं नव्हतं. ती आंघोळीला गेली आणि मी चपला घातल्या. नंतर तिने राजीनामा मागे घेतला नाही, तो निर्णय तिचा. पण लपली ती नव्हती, मी लपले.

खारीचं पेन थांबलंय. म्हणते, "आजी, हे गाळू या. बाबा तुझ्याशीही बोलणं टाकतील."

टाकू दे. रुसायला त्याला मीच शिकवलं, माझ्यापुढे किती टिकेल? लिही गं.

रविवारी सकाळी नऊला ती कोरियाला निघते, दोन वर्षं, कोरियन नीट शिकायला. आशीर्वाद दे नाहीतर बोल लाव, पण दारात येऊन, तिच्याकडे बघून. बापाची पाठ बघून पोरीने जायचं नाही. माझ्याशी भांडायला सोमवारी ये, मी घरीच आहे.

सगळं कळत असलेली,
तुझी आई