दारात कुणी उभं राहायचं नाही

मंगळवार, संध्याकाळ. देवळा.

डोकं अजून तापलेलंच आहे. कांदा लागवडीच्या दिवसांत मुलं शेतात रोपं लावून उशिरा येतात आणि "मॅडम, आत येऊ का?" म्हणत दारात ताटकळायची. म्हणून माझ्या पाचवीच्या वर्गानेच नियम केला: दारात थांबायचं नाही, गुपचूप येऊन बसायचं. आज मुख्याध्यापक दारातूनच कडाडले, "मॅडम, शाळा आहे की धर्मशाळा? उद्यापासून विचारल्याशिवाय कुणी आत येणार नाही!"

शिस्त म्हणजे काय, दारात उभं करणं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात नुकतीच शेतातून येऊन बसलेली, चिखलाच्या पायांची सुनीता म्हणाली, "सर, दारात नका उभं राहू. या ना आत. इथं विचारावं लागत नाय."

सर काही आत आले नाहीत. नियम बदलायचाय ना? मग आधी आत येऊन मुलांना विचारा म्हणावं.